एकदा नाकारलेला आश्रय पुन्हा मागितला, तर?

(थ्रेड)

१/ १ मे १९९१, लंडन. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास न्यायमूर्ती गारलंड ह्यांच्यापुढे एक तातडीचा अर्ज आला. झाईर देशातून आलेल्या एका शिक्षकाला तासाभरात विमानात बसवून परत धाडले जाणार होते. गृहखात्याने त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला होता, उच्च न्यायालयाने दाद दिली नव्हती आणि अपील न्यायालयाने त्याच दिवशी नकार दिला होता. आता नवे वकील नवे मुद्दे घेऊन त्याच माणसासाठी पुन्हा न्यायालयात उभे होते.

२/ पुढच्या चोवीस तासांत जे घडले, त्यामुळे ब्रिटनचा गृहमंत्री न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरला. ती हकीकत पुढे येईलच. पण तिच्या मुळाशी एक जुना, अवघड प्रश्न आहे. सरकारने एकदा, दोनदा नाकारलेला माणूस "मला तिकडे पाठवू नका, माझ्या जिवाला धोका आहे" असे पुन्हा म्हणू लागला, तर त्याचे ऐकायचे कोणी आणि कितपत? ब्रिटिश न्यायालयांनी ह्या प्रश्नाचे उत्तर कसे घडवत नेले, त्याचा हा इतिहास.

३/ सुरुवात २८ जुलै १९५१ पासून. दुसऱ्या महायुद्धाने बेघर केलेल्या लक्षावधी लोकांची स्थिती डोळ्यांपुढे ठेवून जिनीव्हात निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत ह्यांमुळे छळ होईल अशी साधार भीती ज्याला वाटते, तो निर्वासित. कराराच्या ३३व्या कलमाने सांगितले की, अशा माणसाला जिथे त्याचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे परत ढकलू नये. हे सारे कलम ह्या एका क्रियापदावर उभे आहे: परत ढकलणे.

४/ पण 'साधार भीती' आहे की नाही, हे ठरवणार कोण? ह्याचे उत्तर कराराने प्रत्येक देशावर सोडले. ब्रिटनमध्ये तो अधिकार गृहमंत्र्यांकडे, म्हणजे व्यवहारात गृहखात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. १९७१ च्या स्थलांतर कायद्यानुसार बंदरावर वा विमानतळावर प्रवेश नाकारला गेलेल्या माणसाला अपील करता येई, पण बहुधा देश सोडल्यानंतर. म्हणजे ज्या देशात जीव जाईल असे तो म्हणत होता, तिथे परत जायचे आणि तिथून लंडनकडे अपील करायचे.

५/ मग देशात असतानाच दाद मागायची, तर उरत होता एकच मार्ग: न्यायिक पुनर्विलोकन. तरुण वाचकांनी येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. अपिलात न्यायाधीश विचारतो, "निर्णय बरोबर आहे का?" पुनर्विलोकनात तो विचारतो, "निर्णय घेण्याची रीत कायदेशीर होती का?" दुसऱ्या प्रकारात न्यायाधीशाला निर्णय चुकीचा वाटला, तरी केवळ तेवढ्यावरून तो रद्द करता येत नाही.

६/ ह्या मर्यादेचे मूळ एका सिनेमागृहात आहे. इंग्लंडमधील वेन्सबरी नगरपालिकेने रविवारच्या खेळांना परवानगी देताना पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी अट घातली. सिनेमागृहाचे मालक न्यायालयात गेले आणि १९४७ मध्ये हरले. न्यायालय म्हणाले की, कोणतेही समंजस प्राधिकरण घेणार नाही इतका अवाजवी निर्णय असेल, तरच आम्ही हात घालू. रविवारच्या सिनेमासाठी घडवलेला हा गज पुढे चाळीस वर्षे माणसांच्या जिवाच्या निर्णयांनाही लावला गेला.

७/ १९ फेब्रुवारी १९८७ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने बुग्दायचाय खटल्यात ह्या गजाला नवी धार दिली. चार अर्जदारांपैकी एक युगांडाचा होता आणि केनियामार्गे आला होता. गृहखाते त्याला केनियात धाडणार होते. केनियाने पूर्वी युगांडाच्या निर्वासितांना परत युगांडात ढकलल्याची माहिती समोर असतानाही खात्याने तिचा विचारच केला नव्हता. लॉर्डांनी त्याच्यापुरता निर्णय रद्द केला. बाकीचे तिघे हरले.

८/ लॉर्ड ब्रिज ह्यांनी तेव्हा मांडलेले तत्त्व पुढच्या प्रत्येक निकालात येते. जगण्याचा हक्क हा सर्व हक्कांचा पाया आहे. म्हणून ज्या निर्णयाने तो धोक्यात येऊ शकतो, त्या निर्णयाची छाननी न्यायालयाने अत्यंत काळजीने करायला हवी. मराठीत त्याला 'सचिंत छाननी' म्हणता येईल. गज वेन्सबरीचाच राहिला, पण तो हातात धरताना न्यायाधीशाने समोर माणूस आहे हे विसरू नये, असा दंडक पडला.

९/ त्याच वर्षी ह्या दंडकाची कसोटी लागली. जुलै १९८३ च्या हत्याकांडानंतर श्रीलंकेतून हजारो तमिळ बाहेर पडले होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर परत पाठवल्या जाणाऱ्या काही तमिळांनी अंगावरचे कपडे उतरवून निषेध केला आणि ती छायाचित्रे जगभर गेली. ब्रिटनने पुढे निर्वासितांना ठेवण्यासाठी 'अर्ल विल्यम' ही जुनी फेरीबोट हार्विच बंदरात उभी केली. ऑक्टोबर १९८७ च्या महावादळात तिचे दोर तुटले आणि आतल्या माणसांसह ती वाहत गेली.

१०/ १६ डिसेंबर १९८७ रोजी लॉर्डांनी शिवकुमारन खटल्यात सहा तमिळांविरुद्ध निकाल दिला. माणसाला भीती वाटते एवढे पुरेसे नाही, परत गेल्यावर छळ होण्याची वाजवी शक्यता वस्तुस्थितीवरून दिसली पाहिजे आणि ती दिसते की नाही हे गृहमंत्र्यांनी ठरवायचे, असा त्याचा आशय. अपील न्यायालयाने त्याआधी उलटा कौल दिला होता, तो पुसला गेला. फेब्रुवारी १९८८ मध्ये अर्जदारांना श्रीलंकेत धाडण्यात आले. तेव्हा भारत-श्रीलंका करारानुसार उत्तरेत भारतीय शांतिसेना होती. परतल्यावर काहींच्या वाट्याला पुन्हा मारहाण आणि छळ आला.

११/ आता मात्र ते 'देशाबाहेर' होते, म्हणून कायद्याने त्यांना अपील खुले झाले! १९८९ च्या मार्चमध्ये लंडनमधील अपील अधिकाऱ्याने सारी कागदपत्रे पाहून सांगितले की, ह्या माणसांना आश्रय मिळायलाच हवा होता. गृहमंत्र्यांनी त्याविरुद्ध न्यायालय गाठले आणि ते हरले. त्याच वर्षी अर्जदार ब्रिटनमध्ये परत आले. माणसे तीच, खाते तेच. पुनर्विलोकनात जे हरले, ते अपिलात जिंकले. वरच्या पाचव्या भागात सांगितलेला भेद किती महाग पडू शकतो, हे येथे दिसते.

१२/ पाच तमिळांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही धाव घेतली होती. ३० ऑक्टोबर १९९१ रोजी विल्वराजा खटल्यात तेथेही ते हरले. त्यांचाच छळ होईल असे आधी ओळखता यावे, अशी वेगळी खूण त्यांच्या प्रकरणांत नव्हती, असे बहुमताला वाटले. ब्रिटनमधील पुनर्विलोकन हा पुरेसा परिणामकारक उपाय आहे, असेही सात विरुद्ध दोन मतांनी ठरले.

१३/ आता त्या मे महिन्याच्या सायंकाळकडे. शिक्षकाचे नाव कागदोपत्री केवळ 'एम' असे आहे. विमान साडेसहाचे होते. न्यायमूर्ती गारलंड ह्यांना अर्ज दुसऱ्या दिवशी नीट ऐकायचा होता. तोवर एमला पाठवणार नाही अशी हमी गृहखात्याच्या वकिलाने दिली, अशी त्यांची समजूत झाली. तशी हमी आपण दिलीच नाही, असे वकिलाला वाटत होते. निरोप पोहोचले नाहीत. विमान पॅरिसकडे निघाले आणि तेथून एम किन्शासाच्या विमानात बसवला गेला.

१४/ रात्री सव्वाअकराच्या सुमारास न्यायमूर्तींनी दूरध्वनीवरूनच आदेश दिला: एमला परत आणा. अधिकाऱ्यांनी परतीच्या प्रवासाची व्यवस्थाही केली. पण २ मे रोजी दुपारी गृहमंत्री केनेथ बेकर ह्यांनी बैठक घेतली. राजसत्तेच्या मंत्र्याला न्यायालय असा हुकूम देऊच शकत नाही, असा कायदेशीर सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनी परतीची व्यवस्था रद्द केली. ३ मे रोजी गारलंड ह्यांनीही आपला आदेश मागे घेतला.

१५/ सल्ला निराधार नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९८९ मध्ये, फॅक्टरटेम खटल्यात लॉर्डांनी राजसत्तेविरुद्ध मनाई हुकूम निघत नाही असे म्हटले होते. म्हणून अवमानाचा अर्ज पहिल्या पायरीवर फेटाळला गेला. पण २९ नोव्हेंबर १९९१ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बेकर ह्यांना व्यक्तिशः दोषी ठरवले. पदावर असलेला मंत्री न्यायालयाच्या अवमानात सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

१६/ २७ जुलै १९९३ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने अंतिम निकाल दिला. दोष व्यक्तीवरून काढून गृहमंत्री ह्या पदावर ठेवला, पण अवमान झाला हे कायम केले. लॉर्ड वुल्फ ह्यांनी दाखवून दिले की, न्यायालय मंत्र्यांना हुकूम देऊ शकते आणि तो चुकीचा वाटला तरी रद्द होईपर्यंत पाळलाच पाहिजे. मंत्री कायदा पाळतात तो मेहेरबानी म्हणून, असे मानले तर सतराव्या शतकातील यादवी युद्धाचा निकालच उलटा होईल, असे लॉर्ड टेंपलमन ह्यांनी बजावले.

१७/ राज्यघटनेच्या पुस्तकांत हा निकाल मोठ्या मानाने छापला जातो. निकाल लागला तेव्हा एमला झाईरला धाडून दोन वर्षे उलटली होती, हेही त्याच पानावर वाचले पाहिजे.

१८/ त्याच जुलै महिन्यात ब्रिटनचा नवा आश्रय कायदा अमलात आला आणि परत पाठवण्यापूर्वीच अपील करण्याचा हक्क सर्वसाधारणपणे मिळाला. राष्ट्रीय सुरक्षेची प्रकरणे मात्र बाहेर राहिली. चहल खटला त्यातला. १९९० पासून तुरुंगात असलेल्या ह्या शीख अर्जदाराला भारतात धाडायचे ठरले होते. डिसेंबर १९९१ मध्ये उच्च न्यायालयाने कारणे अपुरी आहेत म्हणून नकार रद्द केला. जून १९९२ मध्ये गृहमंत्र्यांनी पुन्हा नकार दिला आणि ह्या वेळी न्यायालयांना हात घालण्यास जागा सापडली नाही.

१९/ पुनर्विलोकनाची मर्यादा ह्याहून स्पष्ट दिसणे कठीण. न्यायालय निर्णय रद्द करून "पुन्हा नीट विचार करा" असे सांगते. खाते पुन्हा विचार करते, कारणे नीट लिहिते आणि तोच नकार देते. १५ नोव्हेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्ग न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला: छळाचा धोका खरा असेल, तर माणूस सुरक्षेस कितीही घातक मानला गेला तरी त्याला पाठवता येणार नाही, आणि जिथे न्यायालयाला तो धोका स्वतः तोलताच येत नाही, तिथला उपाय परिणामकारक नाही. सहा वर्षांनी अर्जदार तुरुंगाबाहेर आला.

२०/ अपील मिळाले, तसा प्रश्न पुढच्या पायरीवर सरकला. अपीलही हरलेल्या माणसाने पुन्हा अर्ज केला तर? गृहखात्याचा कल असा होता की, विषय एकदा निकाली निघाला. १९९६ मध्ये ओनिबियो खटल्यात सर टॉमस बिंगहॅम ह्यांनी ते मान्य केले नाही. कराराचे बंधन एका नकाराने संपत नाही. माणूस देशात आहे तोवर त्याला परत ढकलू नये हे कर्तव्य जागे असते, कारण देश बदलतात, सरकारे उलथतात, नवे पुरावे हाती येतात.

२१/ पण प्रत्येक नवा कागद म्हणजे नवा दावा नव्हे. बिंगहॅम ह्यांनी दोन चाळण्या सांगितल्या. ही माहिती आधीच्या वेळी देता आली असती का? आली असती, तर ती बाजूला ठेवा. उरलेल्या माहितीने दावा इतका वेगळा होतो का, की अनुकूल निर्णयाची खरी शक्यता निर्माण व्हावी? समजा, पक्षाचे काम केल्याचा पुरावा नाही म्हणून एक जण नाकारला गेला आणि तीन वर्षांनी त्याच्या भावाला त्याच आरोपावरून अटक झाली. हा दावा दुसऱ्या चाळणीतून पार होऊ शकतो. जुनीच हकीकत नव्या शब्दांत लिहिली, तर नाही.

२२/ ही दक्षता उगाच नव्हती. विमानाचे तिकीट निघाले की नवा अर्ज टाकायचा, तारीख पुढे ढकलायची, असे प्रकार घडत होते आणि खरोखर छळलेल्यांच्या फायली त्या ढिगाखाली अडकत होत्या. २००२ मध्ये एका तमिळ अर्जदाराच्या देवसीलन प्रकरणात न्यायाधिकरणाने सांगितले की, दुसऱ्या न्यायाधीशाने पहिल्याच्या निष्कर्षापासूनच सुरुवात करावी आणि आधी सांगता येण्याजोगी गोष्ट उशिरा पुढे आली, तर तिच्याकडे सावधपणे पाहावे. मात्र दुसरी बाजूही खरी आहे. छळ किंवा बलात्कार सोसलेली माणसे अनोळखी अधिकाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी सारे बोलू शकत नाहीत. उशीर हा नेहमी लबाडीचा पुरावा नसतो.

२३/ २००४ मध्ये ही कसोटी स्थलांतर नियमांत ३५३व्या नियमाच्या रूपाने आली. आता गोम अशी की, चाळणी कोणाच्या हातात? गृहमंत्र्यांच्याच. ज्या खात्याने पहिला नकार दिला, तेच खाते ठरवणार की दुसरा अर्ज 'नवा दावा' आहे की नाही. तो नवा दावा नाही असे ठरले, तर अपीलही नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन खटल्यात हे कायम केले. मग उरते ते पुन्हा तेच, न्यायिक पुनर्विलोकन.

२४/ ह्या पुनर्विलोकनाची रीत ९ नोव्हेंबर २००६ रोजी ठरली. अर्जदार काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाचा होता, म्हणजे एमच्याच देशाचा. १९९७ मध्ये झाईरचे नाव बदलले होते. न्यायमूर्ती बक्स्टन ह्यांनी दोन प्रश्न घालून दिले. गृहमंत्र्यांनी योग्य प्रश्न विचारला का? "मला हा दावा पटतो का" हा योग्य प्रश्न नव्हे. "निष्पक्ष न्यायाधीशापुढे हा दावा टिकण्याची खरी शक्यता आहे का" हा योग्य प्रश्न. आणि तो सोडवताना सचिंत छाननी केली का? ह्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'होय' नसेल, तर नकार रद्द.

२५/ ही पायरी मुद्दाम ठेंगणी ठेवली आहे. नवा दावा जिंकणारच, असे अर्जदाराने सिद्ध करायचे नसते. तो ऐकून घेण्याजोगा आहे, एवढेच दाखवायचे असते. १९८७ मध्ये लॉर्ड ब्रिज ह्यांनी दिलेले शब्द वीस वर्षांनी अशा रीतीने खात्याच्या अधिकाऱ्यालाही बंधनकारक झाले. न्यायाधीश फाईल हाती घेण्यापूर्वीच अधिकाऱ्याने तशी छाननी केलेली असली पाहिजे.

२६/ एक अडचण मात्र कायद्याच्या तत्त्वात नसून घड्याळात आहे. न्यायालयापर्यंत पोहोचायला वेळच मिळाला नाही, तर सारी तत्त्वे कागदावर राहतात. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने अत्यल्प पूर्वसूचनेवर लोकांना परत पाठवण्याचे धोरण अवैध ठरवले. पुढे गृहखात्याने दुसरी पद्धत आणली: थोड्या दिवसांची सूचना द्यायची आणि त्यानंतर ठरावीक काळात आणखी काही न सांगता केव्हाही विमानात बसवायचे. २१ ऑक्टोबर २०२० रोजी अपील न्यायालयाने तीही अवैध ठरवली. न्यायालयात जाण्याचा हक्क गाठता येईल असा असला पाहिजे, हे त्यामागचे कारण.

२७/ भारताने १९५१ चा करार स्वीकारलेला नाही. तरी १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे. करार असो वा नसो, प्रत्येक देशाच्या न्यायालयापुढे हा प्रश्न येतो.

२८/ सारांश असा. न्यायालये आश्रय देत नाहीत. नकार देणाऱ्याला पुन्हा पाहायला लावतात. ते अनेकदा अपुरे पडते, चहल प्रकरणात पडले. पण १९८९ मध्ये अपील अधिकाऱ्याने तेच तमिळ अर्ज उघडून वाचले आणि नकार चुकीचा होता असे म्हटले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. जोवर असे घडू शकते, तोवर दुसऱ्यांदा दिलेला अर्ज 'पुन्हा तेच' म्हणून न वाचता बाजूला ठेवता येत नाही.

(समाप्त)
#इतिहास #मराठी #थ्रेड